पूर, गारा आणि झाकणांची टोपली

माझं माहेर पुराचं आणि सासर गारपिटीचं. माहेर भांडी बाजारात, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. (गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये.) सासर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेला लागून. आम्ही राहतो इंदिरानगरला आणि मी एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान-भूगोल शिकवते. दरवर्षी जून उजाडला की एखादी तरी आई मला गाठते आणि म्हणते, "बाई, मुलांना हे पूरबीर, विजाबिजा कशाला एवढं सांगता? रात्री घाबरतात हो." यंदा उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

मुलं घाबरतात हे खरंच आहे, पण कशानं घाबरतात ते बघा. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि घरोघरच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागले. त्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या शाळेवर पण डोंगर येईल का?" तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं दाखवलं होतं. मी तिला खिडकीशी नेलं आणि म्हटलं, डोंगर शोध. पांडवलेण्याचा डोंगर दिसत होता, चांगला लांब. मग फळ्यावर उतार काढला. पावसाचं पाणी मातीत मुरत जातं, माती जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते आणि उतारावरचा सगळा थर एकदम खाली येतो. सपाटीवरच्या शाळेवर तो कुठून येणार? तिचा चेहरा निवळला आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "मग डोंगराखाली राहतात त्यांना आधी कसं कळतं?" आता ती शिकायला लागली होती. जमिनीला नव्या भेगा पडतात, झाडं किंवा विजेचे खांब कलतात, झऱ्याचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं. हे दिसलं की सामान आवरत बसायचं नाही, बाजूला निघायचं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. झोपेची तक्रार त्या घरून तरी आली नाही.

माझं शिकवणं खरं तर आजोबांकडून आलेलं आहे आणि त्यांनी आपत्ती व्यवस्थापन हा शब्द जन्मात उच्चारला नसेल. आमचं भांड्यांचं दुकान. पावसाळ्यात आजोबांचा एक डोळा गल्ल्यावर आणि एक दुतोंड्या मारुतीवर. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभी असलेली ही मारुतीची मूर्ती म्हणजे नाशिकची पूर मोजायची पट्टी. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, गळ्याला. सगळं गाव याच मापात बोलतं. शेजारच्या दुकानातला पोऱ्या सायकलवरून बघून यायचा आणि गल्लीतून ओरडत जायचा, "कमरेला आलं!" त्या एका वाक्यावर अख्खा बाजार हलायचा.

हलायचा म्हणजे पळायचा असं नाही. आमच्याकडे क्रम ठरलेला होता. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं की उधारीच्या वह्या आणि बिलबुकं माडीवर. कमरेला आलं की पुठ्ठ्याची खोकी, कारण पुठ्ठा भिजला की आतला माल नवा असूनही जुना दिसतो आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मग मिक्सर, विजेच्या शेगड्या, कुकर. पाणी छातीला यायच्या आत मेन स्विच बंद. सगळ्यात शेवटी तांब्या-पितळेचा नंबर. घंगाळं, बंब, हंडे जड असतात, शिवाय पुराच्या पाण्यात राहिले तरी बिघडत नाहीत. नंतर चिंच लावून घासले की झालं. फक्त ते दोरीनं एकात एक ओवून खांबाला बांधायचे, नाहीतर रिकामा हंडा तरंगत जातो. आम्हा पोरांकडे झाकणांची टोपली. डब्यांची, पातेल्यांची, कुकरची सगळी झाकणं टोपलीत भरून माडीवर न्यायची. डबा पाण्यातून काढून धुऊन विकता येतो, झाकण वाहून गेलं तर त्या डब्याला कोण हात लावणार? म्हणजे काम लुटुपुटूचं नव्हतं. आजोबा वर येऊन टोपली बघून जायचे.

आज विचार केला तर कळतं, त्या टोपलीमुळे मला पुराची भीती बसली नाही. पाणी येतंय, ते किती आलंय हे कळतंय आणि माझ्या हाताला काम आहे. मुलाला या तीन गोष्टी मिळाल्या की ते रडत बसत नाही. मग पूर असो, वीज असो, काहीही असो. माझ्या सगळ्या तासांचं गणित एवढंच आहे: मुलांना एक खूण द्या आणि एक काम द्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती दिसेनासाच झाला, बाजारात पाणी शिरलं. तेव्हा भाच्यानं झाकणांची टोपली उचलली. त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ, आता मारुती बघायला कुणाला पाठवत नाही. मोबाइलवर गंगापूर धरणाचा विसर्ग बघतो. दोन्हीत मला काही भांडण दिसत नाही, पण विसर्गाचा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो, म्हणून वर्गात तो फोडून दाखवते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. आता बातमी आली, धरणातून दहा हजार क्युसेक सोडले. गुणाकार करा. सेकंदाला दोन लाख त्र्याऐंशी हजार लिटर. सोसायटीत येतो तो पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा धरा. म्हणजे दर सेकंदाला २८ टँकर रामकुंडाकडे निघाले. वर्गात एकदम शांतता होते, मग मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणतं, "बाई, आमच्याकडे एक टँकर यायला दोन दिवस लागतात." हसून झालं की मी पुढचा प्रश्न विचारते: धरणातून काहीच सोडलं नाही तर पूर येणार नाही ना? बहुतेक मुलं "नाही" म्हणतात. पण धरणाच्या खाली पडलेला पाऊस नाल्यांतून, नासर्डी, वाघाडी या गंगेला मिळणाऱ्या छोट्या नद्यांतून येतच असतो, त्याला धरणाचा दरवाजा लागत नाही. धरणाचा आकडा शून्य म्हणून नासर्डीच्या काठी निवांत बसून चालत नाही.

पावसाचं माप मुलांनी स्वतः घ्यावं, या बाबतीत मी हट्टी आहे. महागडं पर्जन्यमापक लागत नाही. माहेरच्या दुकानातून सरळ भिंतीचे स्टीलचे डबे आणले. बुडाशी निमुळते किंवा तोंडाशी अरुंद चालत नाहीत, माप चुकतं. डबा गच्चीवर उघड्यावर, झाडाच्या आणि भिंतीच्या आडोशाला नको. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतं, आम्हीही तसाच मोजतो; त्या निमित्तानं सुट्टीच्या दिवशी पोरं वेळेवर उठतात असं पालक सांगतात. डब्यात पट्टी बुडवायची आणि मिलिमीटर लिहायचे. ६४.५ च्या वर गेला की मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ ओलांडला की अत्यंत मुसळधार. बातमीतले शब्द एरवी सगळे सारखेच ओले वाटतात, पट्टी हातात असली की त्यांच्यातला फरक कळतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजारांवर लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ एक टँकर. मग गच्चीचा पाइप पाल्यानं तुंबलाय का हे बघायला मुलं आपणहून जातात.

अलर्टचे रंग हा वेगळाच विनोद आहे. "बाई, उद्या रेड अलर्ट आहे, म्हणजे सुट्टी?" मुलांच्या लेखी लाल रंगाचा तेवढाच अर्थ. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. सुट्टी द्यायची की नाही हे जिल्हा प्रशासन ठरवतं, हवामान खातं नव्हे. आणि नाशिककरांनी आणखी एक गोष्ट बघायची. आपल्या जिल्ह्याचा इशारा कितीदा तरी दोन भागांत येतो, नाशिक वेगळं आणि घाटमाथा वेगळा. शहरात ऊन पडलेलं असतं आणि त्र्यंबकला ओततंय. गंगा ब्रह्मगिरीवरून येते, तिला शहरातल्या उन्हाशी काय देणंघेणं? २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीच्या धबधब्यावर पाणी अचानक वाढून पर्यटक अडकले होते. म्हणून पावसाळी सहलीच्या आधी मी मुलांना ओढ्याची बोली शिकवते. पाण्याचा रंग बदलून तांबडा झाला, काटक्या आणि पाला वाहून यायला लागला, आवाज वाढला, की फोटो राहू दे, काठ सोड आणि वर चढ. आणि ओढा ओलांडून परत यायचं नाही, ज्या काठावर आहोत त्याच काठावर थांबायचं. वेगानं वाहणारं जेमतेम १५ सेंटीमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उपटतं. फरशी पुलावरून मोटारसायकल घालणाऱ्या बापाला मागे बसलेली पोरगी "पप्पा, थांबा" म्हणाली, तर माझा अख्ख्या वर्षाचा पगार वसूल.

आता सासर. निफाडकडे पुराचं कुणाला काही वाटत नाही, तिथं आभाळ दगड मारतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट घरात अजून काल झाल्यासारखी सांगतात. आणि २६ नोव्हेंबर २०२३ ला भर हिवाळ्यात पुन्हा गारा झाल्या. ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात, मणी धरण्यात असते, त्याच वेळी. गार लागलेला मणी तडकतो, जखमेतून बुरशी शिरते आणि मग फवारण्यांचा खर्च मालाच्या वर जातो. पुतण्या-पुतणींना हे शिकवायला लागत नाही, त्यांच्या शाळेची फीच त्या बागेतून निघते. त्यांना मी गार कापून दाखवली. मोठीशी गार पटकन उचलून फडक्यात धरायची आणि सुरी तापवून मधोमध चिरायची. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा. ढगात वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्यानं पाण्याचा थेंब गोठणाऱ्या थंडीत उचलला, त्यावर बर्फाची पुटं चढत गेली, आणि वाऱ्याला पेलवेना तेव्हा ती गार खाली आली. म्हणजे गार जेवढी मोठी, तेवढा वर जाणारा वारा जोरकस. धाकटी पुतणी त्या दिवसापासून गारा मापाच्या पट्टीवर ठेवून फोटो काढते. अर्थात गारा थांबल्यावर, आणि डोक्यावर पाटी घेऊन.

वीज हा मात्र गंमतीचा विषय नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात, बहुतेक दुपारनंतर, शेतातच माणसं सापडतात. मुलांना मोजायला शिकवलं आहे. लखलखाट दिसला की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. खरं तर गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आलो. मोजणं आहे ते हात-पाय गार पडू नयेत म्हणून डोक्याला दिलेलं काम.

घर म्हणजे पक्कं घर, किंवा काचा लावलेली चारचाकी. चार खांबांवरचा पत्रा नाही, ट्रॅक्टर नाही, आंब्याचं झाड तर मुळीच नाही. आणि द्राक्षवाल्यांसाठी खास: मांडव. लोखंडी अँगल आणि त्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या तारा. वीज बागेच्या पलीकडच्या कोपऱ्यात पडली तरी तारेतून अलीकडे येऊ शकते. पाऊस आला की मजूर बायका मांडवाखालीच उभ्या राहतात, वर पानांचं छप्पर असतं म्हणून. माझा मोठा पुतण्या आता आभाळ काळवंडलं की बांधावरून हाका मारतो, "काकू, मावशी, तारा सोडा, घराकडं चला!" हे काम त्याला मीच दिलं आहे आणि तो ते फारच अधिकारानं करतो.

झाडाखालची गुरं का मरतात, हे मुलांना नीट समजतं. वीज झाडातून जमिनीत उतरते आणि जमिनीवरून पसरते. गाईचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब, त्या दोन जागांच्या विजेच्या दाबात फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो. म्हणून अगदीच उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. ज्याच्यावर वीज पडली त्याला हात लावला तर शॉक बसत नाही; त्याच्या अंगात काही साठून राहत नाही. १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा. हात लावायला घाबरून लोक नुसते उभे राहतात, ती मिनिटं वाया जातात.

सासूबाईंचा या सगळ्याला विरोध नव्हता, पण त्यांची स्वतःची एक पद्धत होती. गारा सुरू झाल्या की चुलीवरचा तवा अंगणात उलटा फेकायचा. तवा हातात घेऊन कडाडत्या विजेत अंगणात जाणाऱ्या सासूला सून काय सांगणार? भूगोल तर मुळीच नाही. शेवटी नातीनं तोड काढली. "आजी, तू उंबऱ्याच्या आतूनच फेक, मी बघते कुठं पडतो ते." आता त्या आतून फेकतात. नेम चांगला आहे.

भूकंपावर मी फार वेळ घालवत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण भागात अधूनमधून हलके धक्के बसतात, दिंडोरी रोडवरच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्यांची नोंद होते, हे माहीत असावं. टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरणं चार वेळा करून घ्यावं, पुरे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला हे आवर्जून सांगते, कारण सगळे सराव आपण दिवसा, युनिफॉर्मवर घेतो. घरी रात्री दिवे घालवून पलंगापासून दारापर्यंत चालून बघा असा गृहपाठ दिला होता. निम्म्या घरांत वाटेत व्यायामाची सायकल आडवी आली, जिच्यावर फक्त टॉवेल वाळतात.

आणि एक नंबर पाठ. ११२ आणि १०८ सगळ्यांना येतात. आईचा मोबाइल नंबर विचारा, पोरं माना खाली घालतात, कारण तो फोनमध्ये "आई" या नावानं आहे. सहावीत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी हा नंबर तोंडी घेते. पाढ्यांइतकाच कडक.

सध्या सातवीच्या मुलांना मोठं काम लावलं आहे. नाशिकचा नकाशा चार्टपेपरवर काढलाय आणि प्रत्येकानं घरातल्या, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून यायचंय की पाणी कुठपर्यंत आलं होतं. १९६९, २००८, २०१६, २०१९, चार वर्षांना चार रंग. गोष्टी तर भन्नाट येतात. एकीचे पणजोबा म्हणे सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरून पूर मोजायचे. एकाच्या आजीचं म्हणणं, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागल्याशिवाय त्याला महापूर म्हणूच नये. एका मुलानं घराच्या भिंतीवर वडिलांनी खिळ्यानं मारलेली रेघ स्वतःच्या उंचीशी मोजून आणली. २०१९ ची रेघ त्याच्या खांद्याला लागते. ऐकीव माहिती आणि भिंतीवरची खूण यांना वेगळी चिन्हं करा असं मी सांगितलंय, त्यावरून वर्गात रोज वाद होतात.

पंचवटी आणि सराफ बाजाराची बाजू बऱ्यापैकी भरली. नासर्डीची बाजू कोरी आहे, इंदिरानगर ते द्वारकापर्यंत. तिकडे कुणाच्या भिंतीवर, पायरीवर, गेटवर जुन्या पाण्याची खूण असेल तर फोटो पाठवा. नाव-पत्ता नको, फक्त वर्ष आणि जवळचा चौक लिहा. खुणेशेजारी पट्टी धरायला विसरू नका, नाहीतर सातवी 'ब' तो फोटो मान्य करत नाही.